समासातली पेन्सिल

नोव्हेंबरात तीनलाच दिवस मावळतो.
आमची बोट तेव्हा तिसऱ्या बेटाला लागते :
सहा हजार पुस्तकं, कॉफीचं एक यंत्र,
आणि मी, राग्नफ्रीद, ग्रंथपाल,
जिला एकोणीस वर्षांनंतरही बोट लागते.

मांडणी विषयानुसार नाही, वजनानुसार.
तळाच्या फळीवर जाडजूड ग्रंथ :
छंदशास्त्र, बोलींचे नकाशे,
एका हस्तलिखिताच्या चार प्रतींमधल्या
पाठभेदांचा नऊशे पानी अभ्यास.
ते हलत नाहीत म्हणून बोट फार हलत नाही,
असं आमचा कप्तान म्हणतो.
विद्वत्तेचा एवढाच उपयोग त्याला पटलेला आहे.
त्यांच्या वर, हाताशी, खून.
खुनांच्या वर प्रेम.
आणि अगदी वर, दोरी बांधलेल्या फळीवर, कविता.
वादळात पहिल्यांदा त्याच खाली येतात.
कुणाला लागत नाही.

लोक ढकलगाड्या घेऊन धक्क्यावर येतात.
हालवार्ड मास्तर दरवर्षी तो नऊशे पानी नेतात,
दरवर्षी एक्केचाळिसाव्या पानात
फेरीचं तिकीट खोचून परत देतात.
"यंदा मासळीच्या हिशेबात वेळ गेला."
मी न हसता शिक्का मारते.
इंगेर्डबाई रहस्यकथेचं शेवटचं पान इथेच, उभ्याने, वाचतात.
कुणी मारलं ते आधी कळलेलं बरं, म्हणतात,
मग निवांत जेवता येतं.

ओद्दवार मात्र नेतो फक्त प्रेमकथा, त्याही समुद्रावरच्या.
मुखपृष्ठावर उघड्या छातीचा कप्तान असतो,
त्याला तो वर्तमानपत्राचं कव्हर घालतो.
चाळीस वर्षं कॉड पकडलेला माणूस.
पेन्सिल घेऊन वाचतो.
पान ३७ : या वाऱ्यात शीड असं लावत नाहीत.
पान ८४ : ही गाठ सुटणार. नायिका सांभाळा.
पान ११२ : डिसेंबरात इथे सूर्य उगवत नाही.
चुंबन कंदिलात घ्यावं.

नियमाप्रमाणे मी हे खोडायला हवं.
खोडरबर खणात आहे.
पहिलं पुस्तक मी साफ केलंही,
आणि मग ते इतकं साधं पुस्तक झालं
की पुढच्या फेरीला दोघांनी ते उघडून परत ठेवलं.

दुसरं तसंच जाऊ दिलं.
चार बेटं फिरून आलं तेव्हा
पान २११वर, जिथे त्याने लिहिलं होतं,
"सोडून गेलेली बाई त्याच धक्क्यावर परत येत नाही,"
त्याच्याखाली निळ्या शाईत, बारीक अक्षरात :
"येते. रात्रीची. दिवे मालवलेले असतात म्हणून परत जाते."

मी पुस्तक मिटलं. कॉफी केली. पुन्हा उघडलं.

त्यानंतरच्या कादंबरीत पेन्सिल : कुठल्या बेटावर?
निळी शाई : कृपया पुस्तकाबद्दल लिहावे.
त्यानंतरच्या कादंबरीत पन्नास पानं
फक्त शिडं आणि गाठी.
निळी शाई गप्प.
मग एका अगदी सुमार प्रकरणाच्या कडेला :
"गाठीबद्दल तुमचं बरोबर आहे."

त्या रात्री झोप लागेना,
म्हणून तळाच्या फळीवरून मास्तरांचा ग्रंथ ओढला.
बेचाळिसाव्या पानावर, जिथवर मास्तर कधी पोचले नाहीत,
अभ्यासकाने नोंदवलंय
की तिसऱ्या प्रतीच्या समासात नकलनवीस लिहितो :
हात गारठले. शाई घट्ट झाली.
आणि चौथ्या प्रतीचा नकलनवीस, पन्नास वर्षांनी,
मजकूर सोडून आधी तेवढंच उतरवून घेतो,
पुढे जोडतो : माझेही.
यावर तळटीप आहे, दीड पानाची.
मी ती सगळी वाचली. बोट लागली नाही.

या फेरीला ओद्दवार आला नाही.
गुडघा, असं शेजारी म्हणाला, आणि पिशवी दिली.
कव्हर घातलेलं एकच पुस्तक.
सगळे समास कोरे.
शेवटच्या पानावर, छापलेल्या "समाप्त"च्या खाली, पेन्सिलने :
मी दिवा ठेवत जाईन.

कुणी काय नेलं, ते नोंदवहीत असतं.
वही मी उघडलेली नाही.
पुस्तक फळीवर न लावता
पाचव्या बेटाच्या खोक्यात, सगळ्यात वर, ठेवलंय.